मधल्या थ्रॉटलला थरथर आणि एकच मोटर तापते. पीआयडीला हात लावू का?

घिरटी
नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, आज अडले म्हणून धागा काढतेय.

पहिलाच पाच इंची क्वाड (चार पंख्यांचा ड्रोन) जोडला. २२०७ मोटर, १९५० केव्ही, ६एस (सहा सेलची) १३०० एमएएच बॅटरी, तीन पात्यांचे ५.१ इंची प्रॉप (पंखे), एफ७ एफसी (उड्डाण सांभाळणारा बोर्ड), रिसीव्हर एक्सप्रेसएलआरएस, फर्मवेअर बीटाफ्लाइट ४.५. बॅटरी धरून वजन साधारण ६५० ग्रॅम. सिम्युलेटरवर वीसेक तास घालवलेत, त्यामुळे ॲक्रोमध्ये (यंत्र स्वतःहून सपाट होत नाही तो मोड) निदान सरळ उडवता येतं.

अडचण अशी. जमिनीपासून हातभर वर अगदी शहाण्यासारखा उभा राहतो. थ्रॉटल निम्म्याच्या आसपास नेला की 'घर्रर्र' असा आवाज येतो आणि कॅमेऱ्यातलं चित्र जेलीसारखं लडबडतं. त्याच्या वर गेलं की आवाज कमी होतो. चाळीस सेकंद उडवून उतरवला, तर पुढची डावी मोटर (४ नंबर) हात लावू देईना. बाकीच्या तीन कोमट.

पीआयडी (एफसी यंत्राला किती जोराने सावरतो ते ठरवणारे P, I, D हे आकडे) एका अनुभवी उडवय्याच्या व्हिडिओतून जसेच्या तसे उतरवून घेतले होते. D कमी करू की P? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पळता_भुई
दुसऱ्याचे पीआयडी म्हणजे दुसऱ्याचा चष्मा. आधी डीफॉल्टवर या. बीटाफ्लाइटचे डीफॉल्ट पाच इंचीसाठीच बेतलेले असतात. उतरवून घेतलेले आकडे ज्याचे, त्याची फ्रेम, प्रॉप, फिल्टर सगळंच वेगळं.

निवांत_नट
मोटर बदला. विषय संपला.

सोल्डरकाका
नटराव, विषय इतक्यात संपत नसतो.

घिरटीताई, पीआयडीला अजिबात हात लावू नका. तुम्ही दोन दुखणी एकाच कागदावर लिहिली आहेत, त्यामुळे औषध चुकेल. D जास्त झाला किंवा गायरोत (यंत्राचं वळणं मोजणारा सेन्सर) गोंगाट असला, तर चारही मोटरी तापतात, कारण एफसी चौघींनाही तीच थरथरती आज्ञा देत असतो. एकच तापते तेव्हा दुखणं त्या मोटरीचं, तिच्या तारांचं, तिच्या प्रॉपचं किंवा ईएससीच्या (मोटरी फिरवणारं सर्किट) त्या बाजूचं. थरथर हा वेगळा विषय आहे. असेलही संबंध, पण तसं गृहीत धरू नका.

डीफॉल्टवर या, हे भुईंचं म्हणणं रास्त. मग एवढं सांगा:
प्रॉप काढून ४ नंबरची घंटी (मोटरीचा बाहेरचा फिरता भाग) बोटाने फिरवली तर बाकीच्यांइतकीच सहज फिरते का? कुठे घासल्यासारखं वाटतं का?
आणि उतरल्यावर मोटरीवर बोट ठेवून किती आकडे मोजता येतात? दहापर्यंत मोजता आलं तर ठीक. तीनच्या आत बोट उचललं तर पुन्हा उडवायचं नाही.

घिरटी
काका, डीफॉल्टवर आले. थरथर थोडी कमी, पण आहेच. घंटी फिरवली तर चारही सारख्याच वाटतात. चुंबकांचे टप्पे लागतात तेवढेच, घासत नाही. प्रॉप नवे टाकून पाहिले, फरक शून्य.
बोटकसोटी: १, २, ३ नंबर दहापर्यंत. ४ नंबरला "दो..." म्हणेपर्यंत हात मागे.

सोल्डरकाका
मग मोटरीखालचे स्क्रू बघा. फ्रेमच्या पिशवीत एम३ स्क्रू दोन लांबीचे येतात आणि रात्री अकरा वाजता ८ मिमी न् १० मिमी यांत फरक कळत नाही. आर्म (फ्रेमचा हात) ५ मिमी जाडीचा असेल तर ८ चा स्क्रू मोटरीत ३ मिमी जातो, १० चा ५ मिमी. त्या जास्तीच्या दोन मिलिमीटरमध्येच तांब्याची वेटोळी असतात. स्क्रूचं टोक त्यांत घुसलं की तारेवरचं लाखेचं आवरण खरवडतं आणि दोन वेढे आपसात शॉर्ट होतात. मोटर फिरते, उडते, काही कळत नाही, फक्त करंट जास्त ओढते आणि तापते.

बॅटरी काढून मल्टीमीटर बीपवर ठेवा. एक टोक स्क्रूच्या डोक्यावर, दुसरं त्याच मोटरीच्या तारेच्या सोल्डरवर. बीप वाजता कामा नये.

पहिलाच_पंखा
धाग्यात घुसतोय, माफी असावी. माझंही पहिलंच यंत्र. प्रॉप काढून टेबलावर आर्म केलं (म्हणजे मोटरी फिरायला मोकळ्या केल्या), थ्रॉटल जरासा वर नेला, तर मोटरींचा वेग आपोआप वाढतच गेला. थ्रॉटल तिथेच ठेवलाय तरी! दोन मोटरी किंचाळायला लागल्या. ईएससी बिघडलाय का?

अर्धवट_अभियंता
@पहिलाच_पंखा, काहीही बिघडलेलं नाही. हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतंच, मीही विचारला होता.

एफसीला वाटतं आपण हवेत आहोत. टेबल किंचित हललं किंवा स्टिक मध्यावरून केसभर सरकली की गायरोचं म्हणणं आणि तुमची आज्ञा यांत बारीक फरक पडतो. तो मिटवायला एफसी एका बाजूच्या मोटरी वाढवतो. प्रॉप नाहीत, म्हणून यंत्र वळत नाही आणि फरक मिटत नाही. I चं काम साचलेली चूक मोजत राहणं, त्यामुळे तो थेंबथेंब भरत जातो आणि मोटरी शेवटाला जाऊन टेकतात. हवेत गेल्यावर हे होत नाही, कारण तिथे ढकललं की यंत्र खरंच वळतं.

टेबलावर मोटरीची दिशा तपासायची तर आर्म न करता संगणकावरच्या बीटाफ्लाइट कॉन्फिग्युरेटरच्या मोटर टॅबमधून एकेक फिरवा. तेव्हाही प्रॉप काढलेलेच हवेत. पाच इंची प्रॉप बोटाशी वाद घालत नाही.

पहिलाच_पंखा
हुश्श. परत पाठवायला खोक्यात भरलं होतं. धन्यवाद!

घिरटी
काका, तुमचा अंदाज बरोबर, पण त्याने मला चांगलंच नाचवलं.

काल एकच स्क्रू तपासला, बीप नाही, म्हणून खूश होते. आज उरलेले तीनही तपासले. तिसऱ्यावर आवाज नाही, पण टोक जरा दाबून धरलं की मीटर मधूनच 'टिक' करायचा. स्क्रू काढून बाकीच्यांशेजारी उभा केला. बरोबर दोन मिलिमीटर उंच! मोटर उघडून भिंगाखाली धरली. एका वेटोळ्यावर सुईच्या टोकाएवढा चकचकीत ठिपका, तिथली लाख गेलेली, आणि शेजारच्या दोन वेढ्यांवर काळपट डाग.

सोळा स्क्रूंपैकी एकच लांब होता, तो नेमका तिथे.

निवांत_नट
म्हणजे मोटरच बदलायची. मी काय म्हणत होतो?

सोल्डरकाका
नटराव, कारण न शोधता बदलली असती तर तोच स्क्रू नव्या मोटरीतही गेला असता.

निवांत_नट
बरं बरं. मान्य.

घिरटी
मोटर बदलली, सोळाही स्क्रू मोजून लावले. ४ नंबर आता बाकीच्यांसारखी कोमट.

पण थरथर जशीच्या तशी. निम्म्या थ्रॉटलला घर्रर्र.

अर्धवट_अभियंता
आता कानाने कळणार नाही, ब्लॅकबॉक्स (उड्डाणाची नोंद) उघडा. एफसीवर फ्लॅश असेल तर २ किलोहर्ट्झने नोंद करा. त्यात १ किलोहर्ट्झपर्यंतचं दिसतं आणि आपल्याला तेवढं पुरे. मोकळ्या जागी सरळ जाताना थ्रॉटल शून्यापासून वरपर्यंत सावकाश न्या, दहाएक सेकंद घ्या, असं तीन-चार वेळा. मग ब्लॅकबॉक्स एक्सप्लोररमध्ये गायरोचा 'फ्रीक्वेन्सी विरुद्ध थ्रॉटल' हा नकाशा बघा. आडव्या अक्षावर हर्ट्झ, उभ्या अक्षावर थ्रॉटल.

त्यात दोन तऱ्हेच्या रेघा दिसतील. तिरक्या रेघा मोटरींच्या: थ्रॉटल वाढला की फेरे वाढतात, रेघ उजवीकडे कलते. मिनिटाला १२,००० फेरे म्हणजे सेकंदाला २००, म्हणजे २०० हर्ट्झची थरथर, असा साधा हिशोब. या रेघांचा बंदोबस्त आरपीएम फिल्टर करतो. उभी रेघ थ्रॉटल कितीही असो, जागा सोडत नाही. ती मोटरीची नसते. ती कुठल्यातरी सुट्या, लवचिक किंवा लोंबत्या वस्तूची स्वतःची कंपनसंख्या असते. मोटरीची तिरकी रेघ तिला जिथे छेदते, तिथे ती वस्तू गायला लागते. तुमचं 'निम्म्या थ्रॉटललाच, वर गेलं की कमी' हे लक्षण ऐकून मला उभ्या रेघेचीच शंका येतेय.

घिरटी
उभी रेघ! १७० हर्ट्झच्या आसपास, पिवळीधमक, खालपासून वरपर्यंत. तिरक्या रेघा अगदी फिकट.

फिल्टरफोड
मग सोपं आहे. डायनॅमिक नॉचची (ठरावीक कंपनसंख्या कापणारा फिल्टर) संख्या वाढवा, तो १७० वर जाऊन बसेल. गायरोचा लोपास (वरच्या कंपनसंख्या अडवणारा फिल्टर) जरा खाली आणा. पाच मिनिटांचं काम.

सोल्डरकाका
फोडसाहेब, तुमच्या नावाला न शोभणारा सल्ला!
फिल्टर फुकट येत नाही. लोपास जितका खाली, तितकी गायरोची बातमी एफसीपर्यंत उशिरा पोचते. उशिरा आलेल्या बातमीवर D सावरायला जातो तोवर वेळ निघून गेलेली असते, आणि स्वतःच्याच प्रॉपच्या खवळलेल्या हवेतून खाली येताना यंत्र लटपटतं. एका सुट्या वस्तूसाठी सगळ्या उड्डाणाने दंड का भरायचा?

ताई, शोधा. एफसीखालच्या रबरी बुशा स्क्रूने चिरडल्यात का? त्या दबून सपाट झाल्या असतील तर असून नसल्यासारख्या. नट बोटाने हलणार नाही एवढाच घट्ट हवा. आर्म धरून पिळून पाहा. अँटेना, कॅमेऱ्याची कडी, बॅटरीचा पट्टा बघा. शेवटी एफसीला कायकाय टेकतंय ते बघा. माझा संशय तारांवर आहे.

घिरटी
सापडलं.

बुशा ठीक होत्या. आर्म घट्ट. मग काकांचं ऐकून टॉर्च घेऊन बाजूने आत डोकावले. एक्सटी६० च्या (बॅटरीचा जोड) जाड तारांना ३५ व्होल्ट १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडलाय (६एससाठी पाहिजेच म्हणून सगळे सांगतात). तो मी नुसता तारांवर सोडून दिला होता, कशालाच बांधला नव्हता. त्याच्या काळ्या वेष्टनावर नखाएवढी जागा घासून गुळगुळीत चमकत होती. समोर एफसीची कड, आणि त्या कडेवर काळी बारीक पूड. म्हणजे उडताना हा गडी एफसीवर टकटक करत होता, आणि गायरो तिथून बोटभर अंतरावर!

तारा वळवून मागच्या खांबाला कपॅसिटर झिप-टायने बांधला, खाली फोमचा तुकडा दिला. पुन्हा नोंद केली. उभी रेघ नाही. एकाही पीआयडीला हात न लावता आवाज गेला, चित्र स्वच्छ.

पळता_भुई
+१. वाचनखूण साठवली. माझ्या कपॅसिटरकडे आता संशयाने बघतोय.

फिल्टरफोड
हार मान्य. पण आता यंत्र स्वच्छ आहे तर माझ्या नावाला शोभेल असं बोलतो: आरपीएम फिल्टर चालू असल्याची खात्री करा आणि बाकीचे फिल्टर थोडे सैल करा. त्यासाठी दुहेरी डीशॉट लागतो, म्हणजे ईएससी मोटरीचे फेरे एफसीला उलट कळवतो. ईएससी बीएलहेली_एस जातीचा असेल तर त्यावर ब्लूजे हे फर्मवेअर चढवा. मोटरीतले चुंबक मोजून पोलचा आकडा भरा. या मापाच्या मोटरींत १४ असतात. आकडा चुकला तर फेऱ्यांचा हिशोब चुकतो आणि फिल्टर भलत्याच जागी कापतो.

अर्धवट_अभियंता
सहमत. फक्त D वरचे फिल्टर सैल करताना जपून. D म्हणजे बदलाचा वेग. तेवढ्याच उंचीची थरथर २० हर्ट्झऐवजी २०० हर्ट्झला आली तर D ला ती दहापट मोठी दिसते. कॉन्फिग्युरेटरमधली सरकपट्टी एक घर सरकवा, तीस सेकंद उडवा, उतरवा, बोट ठेवा. मगच पुढचं घर.

घिरटी
आता तरी ट्यूनिंग करू का? 🙂

सोल्डरकाका
आता करा. मी कसं करतो ते सांगतो, हाच एक मार्ग आहे असं नाही.

पहिल्यांदा फीडफॉरवर्ड (स्टिक हलताच मोटरींना मिळणारा आगाऊ धक्का) शून्यावर आणि डायनॅमिक डॅम्पिंगही (झटक्याच्या वेळी वाढणारा D) शून्यावर, म्हणजे P आणि D उघडे पडतात. P यंत्राला हव्या त्या कोनीय वेगाकडे खेचतो, D त्याला तिथे थांबवतो. मग ॲक्रोमध्ये झटक्यात रोल द्या आणि सोडा. थांबताना यंत्र पुढे जाऊन मागे उसळलं तर P च्या मानाने D कमी आहे. डॅम्पिंगची (म्हणजे D ची) पट्टी एक घर वर, पुन्हा तेच. उसळी जेमतेम दिसेनाशी झाली की थांबा. दोघांचं जमलं की मास्टरची पट्टी हळूहळू वर, कारण आता प्रमाण तेच ठेवून ताकद वाढवायची आहे. कुठेतरी आवाज चरचरीत होतो किंवा मोटरी तापतात. तिथून दोन घरं मागे या. मग फीडफॉरवर्ड परत आणा, तो स्टिकचा हात आहे, ज्याच्या त्याच्या आवडीचा. I साठी एकदम थ्रॉटल देऊन बघा. नाक सरकत नसेल तर I ला तसाच राहू द्या.

आणि खवळलेल्या हवेतली लटपट पूर्ण जाईल ही आशा सोडा. ती कमी होते, जात नाही. जो म्हणतो गेली, त्याचा कॅमेरा चांगला आहे.

अवांतर: आमच्या वेळी, म्हणजे २०१० च्या सुमारास, मल्टिवी नावाचं फर्मवेअर होतं. वी या खेळयंत्राच्या मोशन प्लस जोडणीतला गायरो उचकटून १६ मेगाहर्ट्झच्या आठ-बिटी आर्ड्विनोला जोडायचा आणि देवाचं नाव घेऊन उडवायचं. हल्लीचा एफ७ चा चिप २१६ मेगाहर्ट्झचा. आम्ही ज्याला 'मस्त उडतंय' म्हणायचो, त्याला तुम्ही आज 'बिघडलंय' म्हणून धागा काढाल.

पहिलाच_पंखा
काका, सोल्डरबद्दलही सांगा ना. एक्सटी६० ची जमिनीची (ग्राउंडची) तार माझ्याकडून चिकटतच नाही, दाणेदार गोळा होतो.

सोल्डरकाका
टोक बारीक असेल. जाड छिन्नी टोक लावा, ४०० अंशांपर्यंत न्या, फ्लक्स सढळ हाताने. जमिनीच्या पॅडखाली तांब्याचे थर असतात, ते उष्णता पिऊन टाकतात. आधी पॅडवर आणि तारेवर वेगवेगळं कथील चढवा, मग दोघांना एकत्र आणा. चिमट्याने ओढून पाहा. आणि पहिल्यांदा बॅटरी लावताना मधे बल्ब किंवा स्मोक स्टॉपर घाला. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल, एफसी वाचेल.

पळता_भुई
विषय निघालाच आहे तर, ताई, उडवण्याआधी फेलसेफ (रिमोटचा संपर्क तुटला तर यंत्राने काय करायचं ती सोय) तपासलात का? माझं एक यंत्र त्यातच गेलं. जुन्या रिसीव्हरची मांडणी अशी होती की संपर्क तुटला तर शेवटची आज्ञा धरून ठेवायची. मी थोडा थ्रॉटल आणि थोडं पुढे नाक अशा स्थितीत होतो. संपर्क तुटला, कॅमेऱ्याचं चित्र दाखवणाऱ्या गॉगलमध्ये नुसता बर्फ. गॉगल काढून पाहिलं तर ते सरळ रेषेत, न वळता, न उतरता निघालेलं. मी रिमोटची बटणं दाबत उभा. आधी घार, मग चिमणी, मग ठिपका. शेवटपर्यंत अगदी छान ट्यून झालेलं होतं.

प्रॉप काढा, आर्म करा, मोटरी फिरवा, रिमोट बंद करा. मोटरी थांबल्याच पाहिजेत.

घिरटी
भुईदादा, वाचूनच पोटात गोळा आला. लगेच तपासलं, क्षणभरात थांबल्या.

घिरटी
(दहा दिवसांनी) धागा वर काढतेय, खुशाली कळवायला.

डॅम्पिंग दोन घरं वर, मास्टर एक घर वर, बाकी सगळं डीफॉल्ट. मास्टरचं दुसरं घर करून पाहिलं, उतरताना चरचर ऐकू आली, मागे आले. सहा बॅटऱ्या उडवल्या. दर सेलला ३.५ व्होल्ट दिसले की उतरते, घरी येऊन ३.८ वर ठेवते. ४ नंबरवर बोट ठेवून बारापर्यंत मोजलं, मग कंटाळा आला.

पहिला फ्लिप झाला. दुसरा अर्धा झाला. यंत्र गवतात उलटं पडलंय, टर्टल मोड (उलटं पडलेलं यंत्र प्रॉप फिरवून सुलटं करणारा) आहे म्हणून निर्धास्त होते, पण गवत कमरेइतकं, प्रॉप फिरतच नाहीत. बझर लावायचा राहून गेला होता. मोटरीच बीप करतात असं कुणीतरी लिहिलं होतं, ते स्विचवर कसं घ्यायचं?

अर्धवट_अभियंता
मोड्स टॅबमध्ये बीपर एका स्विचला जोडा, आणि डीशॉट बीकन (मोटरींनीच बीप करायची सोय) चालू करा. पण त्यासाठी आधी यंत्र हातात लागतं. आता बॅटरी संपायच्या आत गॉगलमधलं चित्र बघत चाला, जवळ गेलात की चित्र स्वच्छ होत जाईल.

घिरटी
चाललेय. चित्रात फक्त गवत आणि एक मुंगी आहे.